हिरवा शालू आणि ब्रिजिटची संध्याकाळ

नाशिकहून निघाले तेव्हा आईने बॅगेत थालीपिठाची भाजणी इतकी कोंबली होती, की विमानतळावरच्या काट्याने हात टेकले. मी रांग अडवून बॅग उपसत होते आणि फोनवर आई ओरडत होती, "साड्या काढ! भाजणीला हात लावू नकोस!" साड्या भावाबरोबर परत गेल्या. एक हिरवा शालू तेवढा वाचला.

तुम्ही तिकडे देशात राहता म्हणून सांगते, इथे आखातात, दुखानच्या तेलकंपनीच्या वसाहतीत सगळी घरं एकसारखी. पहिल्याच आठवड्यात मी भाजी घेऊन दुसऱ्याच घरात शिरले आणि फ्रिजमध्ये मेथी लावू लागले. मागून एक गोरी बाई, काखेत मांजर धरून, शांतपणे म्हणाली, "चहा घेणार?" ती ब्रिजिट. आयर्लंडची. तेव्हापासून आमची मैत्री.

सगळं रुळलं. रुळली नाही ती एकच गोष्ट. आमची इरा इथेच जन्मली, आता दहा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, आजीचा फोन आला, की "हाय आजी, फाइन आजी, बाय आजी," आणि फोन गरम तव्यासारखा माझ्या हातात. मग आई हळूच विचारायची, "अगं, मी कळते ना तिला?" मी "हो" म्हणायची आणि पावसापाण्याचं काढायची.

यंदा ब्रिजिटने त्यांच्या सणाला बोलावलं. अट एकच, हिरवे कपडे. मी शालू काढला, हातभर हिरवा चुडा भरला. सुधीर, आमचे यजमान, दारातच थबकले. "अगं, डोहाळजेवण कुणाचंय? या वयात?"

"यल्ला, चला!" म्हणत मी पुढे झाले.

कम्युनिटी हॉलमध्ये सरबतसुद्धा हिरवं होतं. नाचून दमल्यावर सगळे गोल बसले. त्यांची रीतच अशी, की प्रत्येकाने काहीतरी सादर करायचं, नुसतं बघायला बसायचं नाही. ब्रिजिटच्या मुलाने, इराच्याच वर्गातल्या, त्याच्या पणजीच्या जुन्या आयरिश भाषेत गाणं म्हटलं. कुणालाही अर्थ कळला नाही. त्यालाही निम्माच येत होता. पण टाळ्या अशा, की छत उडावं.

आमची पाळी आली. मी पदर सावरून घसा खाकरला, तेवढ्यात इराच उठली. दरवर्षी हळदीकुंकवाला सोफ्याच्या कोपऱ्यात टॅबलेट घेऊन बसणारी ही मुलगी, माझाच उखाणा खणखणीत आवाजात म्हणाली,

"दुखानच्या वाटेवर उंटांचा तांडा,
सुधीररावांचं नाव घेते, आता ताटं मांडा!"

आयरिश मंडळींनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. सुधीररावांच्या हातातलं सरबत सांडलं. शेजारी बसलेली रत्नागिरीची सलमा माझ्या पाठीत गुद्दा घालून म्हणाली, "काय गो, सवत घरातच वाढवलीस!" मी इतकी हसले की चुड्यातल्या दोन बांगड्या पिचल्या. मग रडले. ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, कारण हसून हसून काजळ आधीच गालावर आलं होतं.

व्हिडिओ रातोरात नाशिकला गेला. सकाळी आईचा फोन, शुक्रवार नसताना. "इराला दे."

"मम्मा म्हणते, मी डॅडचं नाव नाही घ्यायचं," इरा फोनवर म्हणाली. अख्खं वाक्य, मराठीत! "मग कुणाचं घेऊ?"

"तुझं लग्न होईपर्यंत ब्रिजिटच्या मांजराचं घे," आई म्हणाली. "लिहून घे, सांगते."

घर कुठे, असं कुणी विचारलं की पूर्वी मी फक्त नाशिक म्हणायची, हल्ली म्हणते, दोन्हीकडे. आता शुक्रवारी फोन वाजतो तो माझ्यासाठी नसतोच. आतल्या खोलीत आजी आणि नात मांजराला यमक शोधत असतात. "मम्मा, दार लाव ना!" अशी हाक येते. मी दार लावते, आणि बाहेर उभी राहून सगळं ऐकते.