वेबसाइटवर भावकीची नावं

वेबसाइटसाठी म्हणून दादाने जो मजकूर लिहून पाठवला, तो वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. वर कुलदैवताचं नाव. त्याखाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. मग कैलासवासी पणजोबा-आजोबांचे आशीर्वाद, मग चुलत्यांची नावं वयाच्या क्रमाने, मग सोसायटीचे आजी-माजी चेअरमन, मग समस्त ग्रामस्थ. आणि सगळ्यात शेवटी, पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात तिथे, 'राहण्याची व जेवणाची सोय आहे'.

लोणावळ्यातल्या हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या वेबसाइटचा मजकूर लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. माहेर वडिवळ्याचं. दादा माझा चुलतभाऊ. टाकव्याच्या एका कंपनीतली नोकरी सोडून त्याने आणि वहिनीने शेतात, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून तीन खोल्या बांधल्या होत्या. शहरातले पाहुणे येतील, वहिनी चुलीवर रांधेल, दोघं आपल्याच जागेत राबतील असा बेत. पाहुणे काही येईनात. त्यात तळेगावची एक पार्टी जागा भाडेपट्ट्याने मागत होती. तिथे त्यांना पोहायचा तलाव करायचा होता आणि डीजे लावायचा होता. दादाने त्यांना दिवाळीपर्यंत थोपवून धरलं होतं. तोवर खोल्या भरल्या नाहीत तर सही करून टाकायची आणि पुन्हा कुठल्यातरी ठेकेदाराकडे पाळ्या करायच्या.

वहिनी मला फोनवर म्हणाली होती, "वन्सं, आपल्याच शेतात त्या तलावाच्या कडंला झाडू मारायचा व्हय मी?" त्या एका वाक्यासाठी मी हे काम अंगावर घेतलं. नाहीतर नातेवाइकांचं काम घ्यायचं नाही हे मी फार पूर्वी ठरवलेलं आहे.

मी वडिवळ्याला गेले आणि दादाला समोर बसवलं.

"दादा, ही वेबसाइट आहे, लग्नपत्रिका नाही. पुण्यातली एखादी बाई कामावरून दमून घरी आलीय, पोरं गोंधळ घालतायत, हातात फोन आहे. तिला काय हवंय? जागा कुठे, किती लांब, गाडी दारापर्यंत येते का, संडास खोलीतच आहे की बाहेर, जेवायला काय, दर काय. हे तिला आल्या आल्या दिसलं नाही तर ती पुढे जाते. तुझ्या पणजोबांपर्यंत ती पोचतच नाही."

"पन नावं न्हाई टाकली तर भावकी काय म्हनंल?"

"भावकी खोली बुक करणार आहे का?"

"न्हाई."

"मग?"

"पन नाराज हुईल ना."

अख्खी दुपार हेच. मी बाईच्या जागी पुरुष घेऊन पाहिला, म्हातारं जोडपं घेऊन पाहिलं, कॉलेजची पोरं घेऊन पाहिली. दादाला त्यांच्यातलं कुणीच दिसेना. त्याला फक्त चुलते दिसत होते, ओळीने बसलेले, चेहरे पाडून. फोटो मागितले तर त्याने खोलीसमोर उभ्या असलेल्या सगळ्या घराचा फोटो दिला. त्यात माणसं इतकी होती की खोली कुठे आहे ते मलाच विचारावं लागलं.

रात्रीतून त्याने दुसरा मजकूर लिहिला. सकाळी मोठ्या उत्साहाने वाचून दाखवला: 'सह्याद्रीच्या कुशीत, निसर्गाच्या सान्निध्यात, एक स्वर्गीय अनुभव.'

"स्वर्गीय म्हणजे काय, दादा?"

"म्हंजी... चांगला."

"आणि सान्निध्यात?"

"सगळे तसंच लिवतात की. तूच लिवतेस."

माझं पित्त खवळलं. शेवटी मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि स्वतः लिहायला बसले. कामशेतहून कसं यायचं. खोल्या तीन, संडास-न्हाणी आत, गरम पाणी बंबाचं. जेवणात घरचा इंद्रायणी भात, वालाचं बिरडं, भाकरी, सांगून ठेवलं तर कोंबडी. गाडी दारापर्यंत येते. मोठ्याने गाणी लावायची नाहीत. दर, फोन, संपलं. एकही चुलता नाही.

दादाने दोन-तीनदा वर-खाली करून पाहिलं. "लय मोकळं मोकळं वाटतंय," म्हणाला.

पण फोन यायला लागले. गणपती उठल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी तिन्ही खोल्या लागल्या. वहिनीने दोन दिवस आधीच वाल भिजत घातले, खोल्या दोनदा पुसल्या आणि मला हट्टाने बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या डांबरी रस्त्यावरच एकामागे एक उभ्या होत्या. तिथून खोल्यांकडे जाणाऱ्या वाटेवर, बरोब्बर मधोमध, ट्रॅक्टर आडवा लावलेला. वाटेच्या पलीकडच्या टोकाला वहिनी उभी होती. दादा ट्रॅक्टरभोवती नुसत्याच फेऱ्या मारत होता.

ती वाट आबांच्या शेतातून जाते. आबा म्हणजे भावकीतले सगळ्यात थोरले, आमचे चुलत चुलते. ते बांधावर बसून तंबाखू मळत होते.

"आबा, ट्रॅक्टर बंद पडला का?"

"न्हाई. चांगला हाय."

"मग आडवा का लावलाय?"

"शेत माजं हाय." त्यांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "लग्नाच्या पत्रिकेत माजं नाव असतं. तुज्याबी पत्रिकेत व्हतं. आन पुन्याच्या मानसाला माज्या रानातनं न्यायचं, तितं माजं नाव न्हाई?"

मी काही बोलणार इतक्यात पहिल्या गाडीतला माणूस खाली उतरला. फोन माझ्यासमोर धरून म्हणाला, "मॅडम, इथं स्पष्ट लिहिलंय, गाडी दारापर्यंत येते. हे खरं नसेल तर आत्ताच सांगा, आम्ही लोणावळ्यात बघतो कुठेतरी." वाक्य माझंच होतं. लांबून वहिनी माझ्याकडे बघत होती. या गाड्या माघारी गेल्या असत्या तर पाहुण्यांनी उद्या सगळ्यांना वाचता येईल असं आमच्याबद्दल वाईटसाईट लिहिलं असतं, आणि दिवाळीची वाट बघायचं कारणच उरलं नसतं.

मला आबांचा भयंकर राग आला होता. तरी तिथेच बांधावर बसले, फोन उघडला आणि 'कसे याल'च्या खाली लिहिलं: 'शेवटचा रस्ता आबांच्या भातशेतातून जातो. त्यांनी तो दिला आहे म्हणून गाडी दारापर्यंत येते. बांधावर आबा भेटले तर नमस्कार करून पुढे या.' आणि त्यांना वाचून दाखवलं.

"परत वाच."

परत वाचलं.

"ह्ये पुन्यात दिसतं?"

"दिसतं, आबा. सगळीकडे दिसतं. आता ट्रॅक्टर काढा."

"हिंजवडीत?"

आबांचा एकुलता एक मुलगा हिंजवडीला असतो. हेच शेत विकायचं की नाही यावरून बापलेकांचं वाजलं आणि तो बायकोपोरांना घेऊन गेला. आईच्या वर्षश्राद्धालाही आला नाही. फोन उचलत नाही.

"हिंजवडीतही दिसतं," मी म्हटलं.

"मंग त्येच्यात आनकी लिव. रस्ता बंद न्हाई म्हनावं. कवाबी यावं."

मला भरून यायला हवं होतं, पण आधी रागच आला. एवढंच होतं तर तोंडाने सांगायचं ना! त्यासाठी मान, पत्रिका, ट्रॅक्टर, त्या बिचाऱ्या वहिनीचं तोंडचं पाणी पळवणं, हे सगळं कशाला? पण तसं कुणी तोंडाने सांगत नाही आमच्याकडे. मी लिहिलं. आबा उठले, धोतर झटकलं आणि स्वतः ट्रॅक्टर बाजूला घेतला. गाड्या पुढे सरकल्या.

खोल्या दिवाळीपर्यंत बहुतेक शनिवार-रविवार भरत राहिल्या, आणि दादाने तळेगावच्या पार्टीला नाही म्हणून कळवलं. उरलेल्या चुलत्यांचे मला एकेक करून फोन आले: आबाचं नाव हाय, मग आमचं कुटं हाय? मी कुणालाही जुमानलं नाही.

'रस्ता बंद नाही, कधीही या' ही ओळ मात्र मला अजून खटकते. पाहुण्यांना तिचा काही उपयोग नाही. उलट बुकिंग न करताच एकदोन जण येऊन ठेपले आणि वहिनीची तारांबळ उडाली. दादा म्हणतो, काढून टाक. दुसऱ्या कुणाच्या मजकुरात असती तर मी ती पहिल्याच झटक्यात उडवली असती.

परवा गेले तर आबा बांधावरच होते. म्हणाले, "त्येनं वाचलं का गं?"

कोणत्या गावातून कितीजण येऊन वाचून गेले एवढंच मला दिसतं, कोण ते दिसत नाही. मी तसं सांगितलं.

"पुन्यातनं येतात का वाचायला?"

"येतात की. रोज येतात."

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.