उजव्या कानातले ट्रम्पेट

त्या दुपारी ट्रम्पेट वाजलेच नाहीत.

नवरा आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होता, म्हणून मी हेडफोन लावून रेकॉर्ड ऐकत बसले होते. रेकॉर्ड माझ्या मामाची. तो सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला होता आणि आमच्याकडंच राहायचा. त्याचा एक अँग्लो-इंडियन सहकारी घर आवरून ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा जाताना ही रेकॉर्ड त्यानं मामाच्या हातात ठेवली. डिस्कोच्या ऐन भरातला अमेरिकेतला बँड. कव्हरवर सगळे काळे वादक, चंदेरी बूट, बेंबीपर्यंत उघडे शर्ट आणि डोक्यावर केसांचे हे एवढाले डेरे. मामा दर रविवारी ती लावायचा आणि मला हाताला धरून नाचायला लावायचा. आई म्हणायची, "काय धिंगाणा तो, नक्को रे बाबा!" पण भाजी चिरताना तिचा पाय हलत असायचा.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. रेकॉर्ड माझ्याकडं राहिली, आणि पन्नाशी जवळ आली तरी मला तिचा कंटाळा आला नाही. पहिलं गाणं तर रक्तात भिनलेलं. आधी खर्जातला बेस एकटाच येतो, लठ्ठ माणूस जिना उतरावा तसा. मग डाव्या कानात गिटार चिकचिकायला लागते. गायक एक हुंकार देतो आणि उजव्या कानात सगळे ट्रम्पेट एकदम फुटतात.

त्या दिवशी बेस आला, गिटार आली, हुंकार आला. उजवीकडं काहीच नाही. नुसता एक बारीक सूर, दूरच्या कुणाच्या घरात कुकर शिट्टीला आल्यासारखा.

हेडफोन बिघडला असं मला वाटलं. वायर हलवून पाहिली, पिन काढून घातली. मग सहज हेडफोन उलटा करून घातला. ट्रम्पेट डाव्या कानात खणखणीत वाजले. आणि गिटार नाहीशी झाली.

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. हेडफोनला काही झालं नव्हतं.

कॉल संपवून नवरा बाहेर आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो पुण्याचा, कशानं घाबरून न जाणारा. "अगं, मळ साठला असेल. आईला व्हायचं असं. थेंब आणतो," म्हणाला. मला ते ऐकायला इतकं बरं वाटलं, की मी लगेच विश्वास ठेवला. संध्याकाळी उठून उभी राहिले तर फरशी एका बाजूला कलली. थेंबांमुळं असेल, असंही मीच मला सांगितलं.

सकाळी उजव्या कानाला फोन लावला तर दगड धरल्यासारखं वाटलं. तरी मी भाजी आणायला खाली उतरले. नल्लकुंट्याचा तो रस्ता माझ्या लहानपणापासूनचा, डोळे मिटून ओलांडीन असा. ओलांडताना उजवीकडून एक ऑटो आला आणि माझ्या ओढणीला घासून गेला. उजवीकडून मला काहीच ऐकू आलं नव्हतं. हॉर्न तो वाजवत होता, पण मला तो डावीकडून वाजतोय असं वाटलं, आणि मी उजवीकडं, नेमकी ऑटोच्याच दिशेनं सरकले होते. मी भाजी न घेताच घरी आले आणि नवऱ्याला म्हणाले, "चल. आत्ता."

बरकतपुऱ्याच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कानात पाहिलं. मग दोन पात्यांचा चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क वाजवून माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला.

"किधर सुनाई दे रहा?"

"डावीकडं... लेफ्ट में."

त्यांचा चेहरा बदलला. "अम्मा, ये मैल नहीं है. मैल होता तो बंद कान में ज्यादा सुनाई देता. अंदर की नस है. कभी कभी एकदम बैठ जाती, वजह भी मालूम नहीं पड़ती."

"वापस आयेगा ना?"

"किसी का आता, किसी का नहीं आता. जल्दी आये, अच्छा किये."

गोळ्या लिहून दिल्या. कानाच्या पडद्यातून आत इंजेक्शनं द्यावी लागतील म्हणाल्या, आणि एमआरआय. "तो कशाला?" नवऱ्यानं विचारलं. त्या म्हणाल्या, "नस पे कोई गाँठ तो नहीं, वो देखना पड़ता." नवऱ्यानं पुढं काय विचारलं ते मला कळलं नाही. मी 'गाँठ' या शब्दापाशीच थांबले होते.

इंजेक्शनची माझी भीती सुईची होती. सुई काहीच नव्हती. औषध थंडगार आत उतरलं, खोली गरगरली, आणि नर्सनं सांगितलं की असंच कुशीवर पडून राहा, बोलू नका, गिळू नका. उजवा कान वर आणि डावा, ऐकू येणारा, उशीत दाबलेला. त्या क्षणी जग बंद झालं. नर्सचे ओठ हलत होते, पंखा फिरत होता, आणि कशालाच आवाज नव्हता. डावाही गेला तर हे असं असणार आहे, हे मला तिथं पडल्या पडल्या समजलं.

धीर धरायला म्हणून मी मनात रेकॉर्ड लावली. बेस आला. गिटार आली. हुंकार आला. त्यापुढं काही नाही. इतकी वर्षं ऐकलेली ती ट्रम्पेटची ओळ मला आठवेना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच येऊन थांबलं. कानाबरोबर आतलंही पुसलं गेलं की काय? मला हाक मारायची होती आणि बोलायची परवानगी नव्हती. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळून उशीत मुरत राहिलं.

एमआरआयचा रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. कॉरिडॉरमध्ये लोकांची गर्दी, ट्रॉल्यांचा खडखडाट. नवरा माझ्या उजव्या बाजूला उभा होता. त्यानं पाकीट उघडलं, वाचलं, आणि काहीतरी बोलला. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो रडायला लागला. लग्नानंतर मी त्याला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

मी भिंतीला टेकले. आता मुलीला काय सांगायचं, ती बेंगळुरूहून एकटी कशी येईल, हेच डोक्यात. तो बोलतच होता आणि मला गर्दीच्या गोंगाटात एक अक्षरही कळत नव्हतं.

"मला ऐकू येत नाहीये!" मी ओरडले. माणसं वळून बघायला लागली.

तो भानावर आला, समोर आला, माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाला, "गाठ नाही. अगं, काही नाही. गाठ नाहीये."

मी त्याच्या खांद्यावर जोरात बुक्की मारली. मग तिथल्याच बाकड्यावर आम्ही दोघं बराच वेळ बसून राहिलो.

इंजेक्शनं संपत आली तेव्हा उजव्या कानात खडखड सुरू झाली. मी उत्साहानं रेकॉर्ड लावली, आणि पहिल्यांदा वाटलं की यापेक्षा बहिरेपण परवडलं. बेस दोन्हीकडून वाजत होता, पण दोन वेगळ्या पट्ट्यांत, एका गल्लीत दोन वरातींचे बँड समोरासमोर यावेत तसा. गायकाचा हुंकार उजवीकडं जनावराच्या गुरगुरण्यासारखा. मी हेडफोन फेकून दिला. डॉक्टरीणबाई मात्र खूश झाल्या. "सुनाई तो दे रहा ना? अब दिमाग को सीखने दो."

दिमाग हळूहळू शिकला. काही महिन्यांनी दोन्ही पट्ट्या जवळ आल्या. खालचे आवाज बऱ्यापैकी परतले, बेस आता जिना उतरतो. वरचे नाही आले. ट्रम्पेट वाजतात, पण पत्र्याच्या डब्यात कोंबल्यासारखे. यापुढं एवढंच, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे. मी हेडफोन वापरणं सोडलं, स्पीकरवर ऐकते. दिलसुखनगरच्या बाजारात वगैरे गेलो की नवरा न सांगता माझ्या उजव्या हाताला येऊन चालतो.

गेल्या महिन्यात सकाळी उठले तर डावा कान दडपलेला. मी त्याला उठवलं, नुसतं कानाकडं बोट केलं. त्यानं कपडेही बदलले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी कान पाहिला, घसा पाहिला, नाक पाहिलं आणि हसल्या. "सर्दी है अम्मा, सिर्फ सर्दी."

सर्दीच होती. तरी घर येईपर्यंत मी त्याचा हात सोडला नाही.