बिल्ल्यावरचा आकडा

पंचाक्षरी सरांनी मैत्रेयीला बोलावलं तेव्हा तिला वाटलं, वहीत काहीतरी चुकलं असेल. सरांकडे विद्यापीठातल्या किरणसुरक्षेचं काम होतं. ती आत येताच त्यांनी उठून दार लावलं.

प्रयोगशाळेत जाणाऱ्या प्रत्येकाच्या कोटावर, छातीशी, एक बिल्ला असतो. अंगावर किती किरणं पडली हे तो टिपतो. दर तीन महिन्यांनी हे बिल्ले तपासायला जातात. मैत्रेयीच्या बिल्ल्यावरचा आकडा या खेपेला मर्यादेच्या बराच वर गेला होता. सर म्हणाले, घाबरू नकोस, रक्त तपासू, तोवर प्रयोगशाळेत पाऊल टाकू नकोस. पुढचं तिला ऐकूच आलं नाही.

विषयही तिनं हौसेनं घेतलेला. मटेरियल सायन्स, त्यात अणुभट्टीचं पोलाद. किरणांचा मार खाऊन ते आतल्या आत ठिसूळ कसं होतं, हे ती दोन वर्षं शिकत होती. आता वसतिगृहाचा जिना उतरताना गुडघा वाजला तरी तिला दरदरून घाम फुटायचा. केस विंचरले की फणी उजेडात धरून बघायची.

रक्ताचा अहवाल यायला तीन आठवडे होते. ती मन्नाएखेळ्ळीला घरी आली. हायवेला लागून तिच्या वडिलांचं, रत्नपालांचं, वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॉल्यांचे सांधे जोडण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. दोन दिवस त्यांनी पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी काम बाजूला ठेवलं.

"कामून गप गप हाईस? घास बी उतरंना तुझ्या."

मैत्रेयीनं सगळं सांगितलं. आईला सांगू नका, एवढं दोनदा म्हणाली. रत्नपालांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते हातातला रॉड नुसता फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "ह्या तीन म्हैन्यांत एक दिस बी तू तिथून भायेर न्हाई गेलीस?"

"प्रियंकाच्या लग्नाला आलते की, अप्पा. चार दिवस."

"मंग तवा त्यो बिल्ला कुठं व्हता?"

मैत्रेयीला आठवलं. गाडी चुकेल म्हणून धावताना कोट तिनं किरणोत्सारी नमुन्यांच्या कपाटाशेजारच्या खुंटीला अडकवला होता. बिल्ल्यासकट. बिल्ला बाहेरच्या फळीवर ठेवायचा, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. म्हणजे तो आकडा तिच्या अंगावरचा नव्हे, खुंटीवरच्या त्या चार दिवसांचा असणार.

जीव भांड्यात पडायला हवा होता, पण भीतीनं नुसती कूस बदलली. हे कबूल केलं तर संशोधनातली जागा जाईल. नाही केलं तर कुणाला कळणारही नाही. पण त्या कपाटाची किल्ली प्रयोगशाळेतल्या मदतनिसाकडे, गुरुलिंगअण्णांकडे असायची. नमुन्यांची किरणं अडवणारं शिशाचं झाकण त्यांनीच उघडं टाकलं असणार, म्हणून त्यांची चौकशी चालू होती. सेवेतली दोन वर्षं उरलेला तो माणूस रोज सरांच्या दारात उभा राहत होता.

तिनं सरांना फोन लावला. कोट कुठं राहिला होता ते सांगून टाकलं. सर म्हणाले, हे लिहून दे. रक्ताचं मात्र आपण ठरवायचं नाही, अहवाल येऊ दे.

ते तीन आठवडे तिनं कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. अहवाल आला. गुणसूत्रांत किरणांनी झालेला काही दोष नव्हता. गुरुलिंगअण्णांवरची चौकशी मिटली. मैत्रेयीची जागा राहिली, पण सहा आठवडे तिला प्रयोगशाळा बंद आणि प्रबंध एक सत्र लांबला.

परतल्यावर पहिल्याच दिवशी लांब चिमट्यात पोलादाचा तुकडा धरताना तिचा हात थरथरला. तिनं तुकडा खाली ठेवला. काचेपलीकडून गुरुलिंगअण्णा बघत होते. हात थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मग तिनं तो तुकडा पुन्हा उचलला.