सांभाराच्या जुड्या

ओल्या सांभाराचा वास – तुमच्याकडे त्याला कोथिंबीर म्हणत असतील – अजूनही मला मान खाली घालायला लावतो. का, ते मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

नालवाडीला आमचा भाजीचा मळा आहे. सकाळी तोडलेल्या सांभाराच्या जुड्या सासूबाई बांधत – मुठीत मावतील तेवढ्या काड्या, सुतळीचा वेढा, एक गाठ. मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. त्यांना वास येणे त्याआधीच थांबले होते. आम्हाला वाटले, सर्दी.

डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावले – हा कंपवात. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत चालल्या आहेत. आणि पेशींना जगवणारी, वाढवणारी जी द्रव्ये मेंदू स्वतःच घडवतो, तीही अशा वेळी आटू लागतात. हालचालीने ती थोडी वाढत असावीत – खात्री नाही, आशा आहे. म्हणून यांचे हातचे काम काढून घेऊ नका. रोज किती जुड्या बांधल्या, वहीत नोंद करा. मी ‘हव’ म्हणून मान डोलावली.

मी काय केले? चार दिवस धीर धरला. बाजाराची गाडी दारात उभी, आणि त्या काडीला काडी जुळवीत बसलेल्या. मी कविता लिहिते, हे त्यांना ठाऊक होते. “माही जुडी तुह्या कवितेवानी होऊन राह्यली वं,” त्या म्हणाल्या, “धरली का सुटते.” मी हसले नाही. त्यांच्या हातातून सुतळी ओढून घेतली.

“काऊन वं? मले बांधू दे न.”

“राहू द्या, आई.” – केवढा मऊ होता माझा आवाज! शेजारणी म्हणत, सून किती जपते. आजाराने त्यांचा चेहरा निश्चल होत चालला होता. त्यावर दुःख उमटत नाही, म्हणजे ते नाहीच – हे मी किती सहज मानले! शब्दांआडचे ऐकायला शिकलेली मी.

आणि वहीत लिहीत गेले – जुड्या पंचवीस. जुड्या तीस. वर्षभर. त्यांतली एकही त्यांनी बांधलेली नव्हती.

पुढच्या तपासणीत त्यांना पोलक्याचे बटण लावता येईना. डॉक्टर गोंधळले. एवढे काम करूनही बोटे इतकी आखडली? औषध वाढवण्याआधी त्यांनी सासूबाईंनाच विचारले – जुड्या रोज तुम्हीच बांधता ना?

खरे बोलायला तेव्हाही वेळ होता. मी फरशीकडे पाहत राहिले. काम चालू राहिले असते तर तो हात वाचला असता का? कुणी सांगू शकत नाही – आणि या न कळण्याआड मी लपणार नाही.

सासूबाईंनी मान वळवली. फार हळू. डॉक्टरांकडे नव्हे, माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या –

“हव.”