संस्कृतच्या तासाला मी कुठे होते

तन्वी, ओजस,

तुमच्या बाबांनी मला एक काम सांगितलं आहे. तुम्हाला ज्या नव्या शाळेत घालायचं चाललं आहे, तिच्या अर्जात एक पान घरातल्या वडीलधाऱ्यांनी लिहायचं आहे. विषय, कुटुंबातली विद्येची परंपरा. बाबा फोनवर म्हणाले, "आई, तू लहानपणी संस्कृत शिकलीस ना, तेच लिही. त्यांना असलं फार आवडतं."

मी त्या शाळेचं माहितीपत्रक दोनदा वाचलं, पेन्सिलीने खुणा करत. जुन्या वळणाची शाळा. लॅटिन. पाठांतर. आधी घोकायचं, मग तर्क करायला शिकायचं, मग सुंदर बोलायला. ध्येय काय, तर सत्य, चांगुलपणा आणि सौंदर्य ओळखणारं मोकळं मन. पोटापाण्याचं शिक्षण नव्हे, असंही वर लिहिलेलं. वाचता वाचता मला किळस आली. कारण हे सगळं मी ऐकलेलं आहे. जवळजवळ याच शब्दांत. आदिलाबादला, एका शाळेच्या मागच्या पडवीत, मेथी निवडताना.

स्वतःचीही किळस आली. चाळीस वर्षं मी तुमच्या बाबांना सांगत आले की आमच्या शाळेत संस्कृत होतं. ते खोटं नाही. त्या तासाला मी कुठे होते, हे मात्र कधी सांगितलं नाही. आता सांगते. मराठीत सांगते, कारण इंग्रजीत लिहायला घेतलं की माझ्या हातून सगळं नीटनेटकं होतं.

माझे वडील भाजी पिकवायचे. गावाच्या कडेला आमचा मळा होता. शाळा खाजगी होती आणि हेडमास्तर गुरुजींचं घर शाळेला लागूनच. मळेवाल्यांच्या मुली शाळेत घेतल्या हेच मोठे उपकार, म्हणून रोज सकाळी गुरुजींच्या घरी भाजीची एक जुडी जायची. कोणी ठरवलं होतं, माहीत नाही. जायची. पण एवढ्यावर भागलं नाही. सातवीत संस्कृत सुरू झालं. पहिल्याच दिवशी हजेरी संपल्यावर गुरुजींनी मान वर न करता विचारलं, "मळ्यातल्या आल्या का?"

आम्ही दोघी होतो, मी आणि विमल. उभ्या राहिलो.

"तुम्हाला देवभाषेचं काय काम? मागे जा. भाजी निवडून घरात द्या."

मग रोज तेच. वर्गाचं मागचं दार उघडं असायचं. आत मुलं 'देवः देवौ देवाः' म्हणायची, बाहेर आम्ही देठ तोडायचो. विमल त्याच चालीवर हळूच म्हणायची, "वांगः वांगौ वांगाः." मला हसू आवरायचं नाही. पण कान माझे आतच असायचे. मला ते आवडायचं, हे लिहून ठेवते. त्या भाषेचा नाद आवडायचा. कुणी शिकवत नसताना मी ती शिकत होते.

सोमवारी प्रार्थनेनंतर, आणि मग पुन्हा संस्कृतच्या तासाला, गुरुजींचं भाषण व्हायचं. शिक्षण पोटासाठी नसतं. शिक्षणाने दृष्टी स्वच्छ होते, माणूस मोकळा होतो. बोलायचे फार सुंदर. डोळ्यांत पाणी यायचं ऐकणाऱ्यांच्या. आणि त्यांच्या पोटात आमची मेथी असायची.

श्लोकांचा अर्थ मात्र ते वर्गात सांगत नसत. मोठे झालात की कळेल, म्हणायचे. अर्थ ते आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगायचे, सकाळी, घराच्या मागच्या अंगणात. मी जुडी घेऊन जायची ती वेळ तीच. गुरुजींच्या घरातल्या बाई भाजीची पाटी रिकामी करून देईपर्यंत मी उभी असायची. ऐकत.

एके दिवशी मुआयना होता. शाळा तपासायला साहेब यायचे, त्याला आमच्याकडे मुआयना म्हणत. साहेब तेलुगू, बोलायचे हिंदीत. पहिल्या रांगेतल्या मुलाने खणखणीत श्लोक म्हटला. साहेबांनी विचारलं, "इसका मतलब?"

मुलगा गप्प. दुसरा गप्प. सगळा वर्ग गप्प. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दारातून दिसत होत्या. मी उठले. ओटीत मेथी होती. उंबऱ्यावर उभी राहून मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की शहाण्या माणसाला सगळे सारखे दिसतात, कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही.

साहेब वळले. बरोबर, म्हणाले. मग त्यांनी गुरुजींना विचारलं की ही मुलगी बाहेर का बसली आहे. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, झालं. आता मला आत बोलावणार.

गुरुजी हसले. "साब, माली की लडकी है। हमारे यहाँ दरवाजे पर बैठी चिडिया भी श्लोक सीख जाती है।"

साहेबही हसले. मुलं हसली. साहेबांनी वहीत चांगला शेरा लिहिला आणि पुढच्या वर्गात गेले. माझं ज्ञान गुरुजींच्या नावावर जमा झालं. गुरुजी माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "जा आता. आणि देठ ठेवू नकोस, काल राहिले होते."

मी गेले नाही. वर्गात शिरले आणि बसकरपट्टीवर बसले. मेथीसकट.

"ऊठ."

"मी नाही उठत. मले इथं बसूनच शिकाचं हाय."

'मले' ऐकून वर्ग खदखदला. गुरुजींनी पुस्तक मिटलं. ही उठेपर्यंत धडा होणार नाही, म्हणाले, आणि खुर्चीत डोळे मिटून बसले. मारलं नाही. ओरडले नाहीत. चाळीस मुलं माझ्यावर सोडून दिली. मागून चिमटे आले. कुणी वेणी ओढली. कुणी कानाशी म्हणालं, ऊठ ना गं भाजीवाले, तुझ्यापायी आमचा धडा बुडतो. मी घंटा होईपर्यंत बसले. मोकळं मन म्हणजे काय ते मला त्या तासाला कळलं. डोळे मिटून बसलेल्या त्या माणसापाशी ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावलं. त्यांनी हात जोडले. गुरुजी म्हणाले, "मुलीला विद्या पचली नाही." वडील मला म्हणाले, माफी माग. मी मागितली नाही. माझं नाव काढून टाकलं.

घरी आई दुसऱ्या दिवशीची जुडी बांधत होती. "काऊन गप बसली व? सांग ना." मी सगळं सांगितलं. तिने जुडी सोडली, मेथी पाटीत परत टाकली. "हे आता बजारात जाईन," एवढंच म्हणाली.

मग मी सरकारी शाळेत गेले. तिथे संस्कृत नव्हतं. इंग्रजी होतं. म्हणून माझं इंग्रजी चांगलं आहे, बाळांनो, दुसरं काही कारण नाही. विमल तिथेच राहिली. तिला लग्न होईपर्यंत पडवीच होती.

पुढे मी शिक्षिका झाले. आणि आता जे लिहिते ते तुमच्या बाबांनाही माहीत नाही. एकदा तास चालू असताना मी एका मुलीला माझा जेवणाचा डबा धुवायला पाठवलं. गोंडांची मुलगी होती, हुशार. मी विचारही केला नाही. ती परत आली तेव्हा कविता शिकवून झाली होती. ओल्या हातांनी वही उघडून ती शेजारणीला विचारत होती, मॅडमने काय सांगितलं. एवढं सोसूनही माझ्यात गुरुजी शिरले होते. इतके सहज. त्या दिवसापासून माझा डबा मी धुतला आणि तासाला कुणालाही वर्गाबाहेर पाठवलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. जुन्या विद्येत वाईट काही नाही. पाठांतर करा, लॅटिन शिका, वाद घालायला शिका. पण मोकळ्या मनाच्या या शाळा ज्यांनी काढल्या, त्यांच्या घरचं काम दुसरं कुणीतरी करत होतं. ते दुसरं कुणीतरी कुठे बसलं आहे, हे माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. सुंदर शब्दांनी ते झाकलं जातं, म्हणून मला त्या शब्दांचीच शिसारी येते. तुम्ही वर्गात असताना कुणी बाहेर असेल, तर पुस्तक मिटा आणि विचारा, का. वर्ग हसेल. हसू द्या.

बाबांना हवं ते पान मी लिहिणार नाही. मी हेच सगळं इंग्रजीत उतरवून, खाली सही करून, थेट त्या शाळेला पाठवणार आहे. सोबत एक प्रश्न असेल, तुमच्याकडे तासाला बाहेर कोण असतं. उत्तर येईपर्यंत दर महिन्याला पाठवीन. तुमचा प्रवेश त्यामुळे हुकला तर हुकू दे. बाबा चिडतील. त्यांच्याशी मी बोलेन.

मी आता थकले आहे, शिकलेलं बरंच विसरले आहे. किळस तेवढी शाबूत आहे.

तुमची आजी