परवानगी घेऊन विटीदांडू

"वहिनी, मिरचीची फोडणी देऊ का?"

अविनाश जगदाळ्यांची आणि माझी ओळख या प्रश्नानं झाली. रॉटरडॅमजवळच्या कापेल आन डेन आयसेलमधल्या आमच्या घरांच्या ओळीत ते नुकतेच राहायला आले होते, आमच्या भिंतीला भिंत लावून. दार उघडलं तर समोर छाती काढून उभा असलेला सहा फुटी गडी आणि हातात झारा! मला वाटलं, कांदा-बिंदा मागायला आला असेल. तर म्हणतो, "ठसका लागंल तुम्हाला. म्हटलं, विचारलेलं बरं." मी म्हटलं, "अहो, तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही काय वाट्टेल ते करा की!" "तसं कसं? विचारल्यानं जीभ झिजत न्हाई," असं म्हणून स्वारी परतली. पाच मिनिटांनी आम्ही घरभर खोकत होतो, पण रीतसर परवानगी देऊन.

जगदाळे मूळचे इस्लामपूरकडचे, तिथल्या एका शाळेत पी.टी.चे मास्तर. बायकोला, सायलीला, रॉटरडॅममध्ये आयटीतली नोकरी लागली आणि हे तिच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर आले. आमच्यात बायका डिपेंडंट म्हणून येतात आणि पहिलं वर्ष रडण्यात घालवतात. जगदाळ्यांना त्याचं काही म्हणजे काही वाटत नसे. "मी सायलीचा डिपेंडंट," असं ते शाळेच्या मैदानावर हजेरी दिल्यासारखं खणखणीत सांगायचे. फक्त त्यातून एक गोष्ट त्यांच्या डोक्यात घट्ट बसली होती. आपण इथले पाहुणे. "आणि पाहुण्यानं पाटसुद्धा विचारून घ्यावा वहिनी." त्यामुळे सायकल खांबाला लावू का, कचऱ्याचा डबा या बाजूला ठेवू का, असं कुणाला ना कुणाला विचारणं दिवसभर चालायचं. समोरच्या कॉरीबाई, वय पंचाहत्तर, जीभ पंचवीसची, एकदा मला म्हणाल्या, "तो माणूस मला गुड मॉर्निंग म्हणण्याआधी 'एक्सक्यूज मी' म्हणतो. त्याला काही दुखतंय का?"

मग कोरोना आला. त्या वसंतात हॉलंडात ऊन असं पडलं, जसं काही घरात बसलेल्यांना चिडवायलाच. शाळा बंद, ऑफिस बंद, आणि आमची लेक रेवा स्वयंपाकघराच्या टेबलावर माझ्या मीटिंगच्या मधोमध डचमध्ये भोकाड पसरायची. आमच्या दोन ओळींच्या मध्ये एक गवताचा तुकडा होता. सगळे त्याला फेल्टये म्हणायचे, म्हणजे छोटं मैदान. जगदाळे खिडकीतून त्याच्याकडे असे बघायचे, जणू उपाशी माणसाला कुणी पुरणपोळी काचेच्या कपाटात दाखवावी.

एके दिवशी माझ्या दारात दीड मीटरवर उभे राहून म्हणाले, "वहिनी, विटीदांडू. एकबी माणूस दुसऱ्याजवळ जात न्हाई. कोरोनासाठीच काढलाय हो खेळ!" जुन्या खराट्याच्या दांड्यातून त्यांनी दांडू आणि विटी तासलीसुद्धा होती. मी म्हटलं, "मग खेळा की." तर कसलं काय! ती जागा ज्या घरबांधणी कंपनीच्या मालकीची, तिला त्यांनी आधी ईमेल केला. रविवारी अकरा ते एक, काठीनं खेळू का? कंपनीतल्या कुणा भल्या माणसाचं उत्तर आलं, "प्रीमा!" म्हणजे, छान. मग दुसरा ईमेल, चार बोटं लांबीची खाच खणू का? त्यालाही प्रीमा. मग दर आठवड्याला एक ईमेल आणि एक प्रीमा.

आणि काय सांगू तुम्हाला, काय धमाल उडाली! रविवारी सकाळी शिट्टी वाजली, की दोन्ही ओळींतली दारं उघडायची. दोन खेळाडूंमध्ये तीन दांडूंचं अंतर, ते मास्तर स्वतः लोटांगण घालून मोजायचे. प्रत्येक टोल्यानंतर विटीला सॅनिटायझरची आंघोळ. पोरं तर पोरं, त्यांचे बापही "अजून एकदा, अजून एकदा" करत रांगेत! कॉरीबाईंनी पहिल्याच दिवशी उडती विटी आपल्या गोल टोपीत झेलली आणि त्यांना विजय असा काही चढला, की पुढे आठवडाभर त्या ती टोपी घरातही काढत नव्हत्या. इतकी वर्षं एकमेकांना नुसतं हात हलवणारी माणसं आता "आउट! नाही आउट!" म्हणून भांडायला लागली. मास्तर मधोमध उभे, तोंडात शिट्टी, डोळे चमकताहेत. मी त्यांना इतकं खूश आधी कधी पाहिलं नव्हतं.

उन्हाळा सरता सरता विजेच्या खांबावर नोटीस लागली. कंपनीला फेल्टयेवर गाड्यांसाठी पार्किंग करायचं होतं. निर्णय खेमेन्तेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा. सगळी गल्ली पेटली. खेमेन्तेचं म्हणणं सरळ होतं. रहिवाशांनी वर्षानुवर्षं ही जागा कुणालाही न विचारता, आपली समजून वापरली असेल, तर ती सगळ्यांची हिरवळ म्हणून कायमची नोंदवता येईल. आपल्याकडे जिला वहिवाट म्हणतात ना, अगदी तेच. आम्ही म्हटलं, जिंकलो! एवढ्यात कंपनीनं उत्तर पाठवलं, "रहिवाशांना जागा आमची आहे हे पुरतं ठाऊक आहे. दर आठवड्याला आमची परवानगी मागतात." सोबत जगदाळ्यांचे झाडून सगळे ईमेल.

त्या संध्याकाळी ते कुंपणाशी आले ते मान खाली घालून. "वहिनी, आमच्या आज्यानं गायरानासाठी सरपंचाशी उभा दावा मांडला होता. एक वीत जाऊ दिली न्हाई. आणि मी इथं प्लीज आणि थँक्यू लिहून मैदान घालवलं." एवढा आडदांड माणूस, पण कुंपणाचा रंग नखानं खरवडत उभा होता. ते रविवार गेले तर या माणसाकडे इथे उरणार काय होतं? सायलीसाठी केलेलं जेवण आणि खिडकी. मला खरंच भडभडून आलं.

सुनावणी ठेवली फेल्टयेवरच, कारण हॉलमध्ये माणसं जमवायला बंदी. खेमेन्तेच्या एक बाई खुर्ची टाकून बसल्या. कंपनीचा उंच, तरुण माणूस हातात टॅब्लेट घेऊन आला. गवतावर आम्ही सगळे तीन-तीन दांडूंवर उभे, अंतर कुणी वेगळं मोजावं लागलंच नाही. त्या माणसानं पहिल्यांदा जगदाळ्यांनाच विचारलं, "तुम्ही आमची परवानगी मागत होता ना?" मी मनात म्हटलं, मास्तर, आजचा दिवस खोटं बोला हो! पण छे. पुढे झाले, छाती काढली आणि म्हणाले, "येस सर. एव्हरी वीक."

झालं! खेळ खलास, असं वाटून मी डोळेच मिटले. तेवढ्यात कॉरीबाईंचा आवाज. "त्यानं विचारलं, कारण त्याला आईबापांनी वळण लावलंय. आम्हाला नाही लावलं! मी तीस वर्षं या गवतावर सतरंज्या झोडपतेय. कुणाला विचारलं? नवऱ्यालासुद्धा नाही!" मग जी काय रांग लागली! कोपऱ्यावरच्या आजोबांनी सांगितलं, की त्यांचं मांजर इथेच पुरलंय, हे बघा, तुमच्या खुर्चीखाली. बाई खुर्चीसकट उडाल्या. एकानं इथे पहिली सिगारेट ओढली होती. एकीनं इथेच लग्नाची मागणी घातली होती, आणि तो नाही म्हणाला म्हणून इथेच त्याला ढकललंही होतं. न विचारता केलेल्या उचापतींची कबुली द्यायला माणसं हात वर करकरून नंबर लावत होती. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. खेमेन्तेच्या बाईंनी शेवटी विचारलं, "म्हणजे परवानगी मागणारा सगळ्या वस्तीत एकच?" सगळ्यांनी एका सुरात "हो!" केलं आणि मास्तरांकडे बोटं दाखवली. ते लाजून लालेलाल झाले.

निकाल आमच्या बाजूनं लागला. फेल्टये हिरवळ म्हणून कायमचं नोंदवलं गेलं. निकालात एक ओळ अशी होती, की परवानगी घेऊन खेळणाऱ्या एका रहिवाशाचा वापर पुरावा म्हणून धरलेला नाही. मी चडफडले. ज्यानं गल्लीला खेळायला शिकवलं, त्याचंच खेळणं जमेस नाही? जगदाळे मात्र म्हणाले, "बरोबर हाय की वहिनी. पाहुण्याला घरच्यात मोजत न्हाईत." आणि हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी खेळ रंगात होता. रस्त्याकडून कुणीतरी येताना दिसलं. तोच कंपनीचा उंच तरुण, आज टॅब्लेटऐवजी हाताला छोटी मुलगी. कडेला थांबला, पाय गवताबाहेरच ठेवून. इकडेतिकडे बघितलं आणि थेट जगदाळ्यांना म्हणाला, "सर, माझ्या मुलीला जरा वेळ खेळू द्याल का?"

मास्तरांनी मागे वळून बघितलं. त्यांना वाटलं, पाठीमागच्या कुणालातरी विचारतोय. मागे कुणी नव्हतं. मग त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. दांडू खांद्यावर टाकून ते आपल्या मोडक्यातोडक्या डचमध्ये, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे गरजले, "ए बाबा! इथं कुणी कुणाला विचारत नाही!"