आधी त्याचं सांगा

अण्णांसमोर कोणालाही एकदम आपलं म्हणणं मांडता येत नसे. आधीचा माणूस काय बोलला ते आपल्या तोंडाने सांगायचं, त्या माणसाने "बरोबर" म्हणायचं, मग आपली पाळी. तो "नाही" म्हणाला तर परत सांगायचं. आमच्या कुरुळीतल्या बैठकीचा हा एवढाच नियम होता आणि अण्णांनी तो सगळ्यांना सारखा लावला. आळंदीहून येणाऱ्या कीर्तनकार महाराजांना तो फार जड जाई. त्यांना बोलायची सवय होती, ऐकायची नव्हती.

अण्णा लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात तिथे, सुपरवायझर होते. निवृत्त झाले, बायको आधीच गेली होती, तरी गावाकडे न जाता माझ्याच कोपऱ्यातल्या खोलीत राहिले. यजमानांच्या माघारी आमच्या अठरा खोल्यांचा कारभार माझ्याकडे आला होता, आणि माझे सगळ्यात जुने भाडेकरू तेच. भाजी आणायला निघाले तरी पायांत कंपनीचे जाड सेफ्टी शूज. मी एकदा हसले तर म्हणाले, "हसा बाई. पाय काय परत मिळतो का?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असे, म्हणून सगळी गल्ली मला बाईच म्हणते.

महिन्यातून एका गुरुवारी, म्हणजे आमच्याकडच्या बऱ्याच कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी माझ्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बैठक भरे. हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिश्चन, ज्याला यायचं तो येई. पहिल्या बैठकीला महाराज सर्वधर्मसमभावावर भाषणाची तयारी करून आले होते. अण्णांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "भाषणं बाहेर लई होतात, महाराज. हितं ऐकायचं." मग भोंगे, पाण्याचा टँकर, असे रोजचेच विषय निघत. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एकदा सांगितलं की, त्यांच्या वडिलांना पुरायला जवळपास जागाच मिळाली नव्हती. महाराजांना ते आपल्या तोंडाने तीन वेळा सांगावं लागलं. तिसऱ्या वेळी कुठे नर्सबाई "बरोबर" म्हणाल्या, आणि पुढे दफनाच्या जागेसाठीच्या अर्जावर पहिली सही त्यांचीच पडली.

हा नियम अण्णांनी कंपनीतून आणला होता. शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला मशीनचा चार्ज देतो, म्हणजे कुठे काय बिघडलंय ते सांगतो. अण्णा तरुण असताना एका सकाळी जाणाऱ्याने त्यांना सांगितलं की, हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद आहे. अण्णा घाईत "हां, कळलं" म्हणाले. तासाभरात त्यांच्या जोडीदाराची दोन बोटं गेली. तेव्हापासून त्यांच्या लाइनवर ऐकलेलं परत म्हणून दाखवल्याशिवाय कोणाला मशीनला हात लावता येत नसे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. "मी ऐकलंच नव्हतं, बाई. नुसती मान हलवली होती," म्हणाले आणि उठून गेले.

बैठकीला शेड माझी, चहा माझा, त्यामुळे मी मनातल्या मनात फुशारले होते. ती फुशारकी एका दिवसात उतरली. मिरवणुकीच्या दिवशी सकाळी चौकातला देवाचा फ्लेक्स फाटलेला सापडला. दुपारपर्यंत सगळ्यांच्या फोनवर एकच मेसेज फिरला, मुसलमानांनी फाडला म्हणून. संध्याकाळी माझे धाकटे दीर बबनराव चार माणसं घेऊन दारात आले. "वहिनी, समद्या गल्लीचं ठरलंय. त्यांच्या खोल्या खाली करायच्या. आमी बी आमच्या करतोय."

माझ्याकडे युसुफ होता. मूळ परभणीचा, पेंट शॉपला कामाला, बारा वर्षांपासून माझ्या चौथ्या खोलीत. मुलगी दहावीला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात गेले आणि महिनाअखेर खोली सोड म्हणून सांगितलं. तो काहीतरी बोलला. मी मान हलवली आणि परत फिरले.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी बैठक होती. युसुफ सतरंजीवर होता आणि बबनरावही आले होते, शेडच्या खांबाला टेकून उभे. मी म्हणाले की, मला काही सांगायचं आहे. खोलीचं अण्णांच्या कानावर गेलं होतं. ते म्हणाले, "आधी युसुफ दारात काय म्हणला ते सांगा."

"तो मुदत मागतोय," मी म्हणाले.

"बरोबर?" अण्णांनी युसुफला विचारलं.

"नाही," युसुफ म्हणाला.

मी म्हणाले, मुलीची परीक्षा होईपर्यंत राहू द्या, असं त्याचं म्हणणं आहे. युसुफ पुन्हा नाही म्हणाला. मी चिडले. आयुष्यभर मी पोरांकडून धडे वदवून घेतले, आता हा म्हातारा माझ्याकडून वदवून घेतोय असं वाटलं. मी युसुफला म्हणाले, "मग तूच सांग परत."

युसुफने परत सांगितलं आणि मी त्याच्यामागून म्हणत गेले. "बारा वर्षं मी या घरात राहिलो. बाईंच्या सासूबाईंना दवाखान्यात मी उचलून नेलं. फ्लेक्स फाटला त्या रात्री मी नाइट शिफ्टला होतो. बाईंनी मला एवढंही विचारलं नाही की..." इथे मी पहिल्यांदा युसुफकडे पाहिलं. "की तू कुठे होतास." युसुफ "बरोबर" म्हणाला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग अण्णांनी मला बोलायला लावलं. मी म्हणाले की, मला भीती वाटते. एकटी बाई आहे, दीर दुरावले तर या गावात मी कोणाच्या जिवावर राहू? युसुफने ते शब्दही न चुकवता परत सांगितलं. मग अण्णा बबनरावांकडे वळले. "आता तुम्ही. आधी बाई काय म्हणल्या?" बबनराव पाठ फिरवून निघून गेले.

मी युसुफला खोली सोडू नको म्हणाले, आणि तो राहिला. चार दिवसांनी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याच्या कॅमेऱ्यात दिसलं की, त्या रात्री गल्लीत वळणाऱ्या कंटेनरच्या वरच्या कोपऱ्यात अडकून तो फ्लेक्स फाटला होता. तोवर बबनरावांच्या चाळीतली दोन कुटुंबं सामान टेम्पोत घालून गेली होती. आम्ही युसुफला ठेवलं म्हणून लोक अण्णांचं कौतुक करू लागले की अण्णा वैतागत. "दोन घरं गेली ती मोजा," म्हणत.

पुढे अण्णांचे गुडघे थकले आणि लेक त्यांना न्यायला आली. जायच्या दिवशी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं आणि उभ्या उभ्या चार्ज दिला. सतरंज्या महिन्यातून एकदा उन्हात घालायच्या. महाराजांना पहिले बोलू द्यायचं नाही. बैठक सुरू करताना गेलेल्या दोन घरांची नावं घ्यायची. आणि बबनरावांना दर वेळी घरी जाऊन बोलवायचं. "सांगा," ते म्हणाले. मी तीन गोष्टी सांगितल्या.

"एक राहिलं, बाई."

"ते यायचे नाहीत, अण्णा. माझ्याशी बोलत नाहीत."

"येतील का, ते मी विचारलं नाही. काय राहिलं ते सांगा."

मी सांगितलं. मग ते रिक्षात बसले. सेफ्टी शूज काढून त्यांनी आदल्या दिवशीच एका भाडेकरूला देऊन टाकले होते. साध्या चपलेतले त्यांचे पाय मी पहिल्यांदाच पाहिले आणि मला रडू आलं.

त्यानंतर दोन वर्षं मी दर महिन्याला बबनरावांच्या दारात जाऊन उभी राहिले. जाऊबाई पाणी द्यायच्या, ते टीव्ही बघत बसायचे. गेल्या पावसाळ्यात अण्णांच्या लेकीचा फोन आला की, अण्णा गेले. त्या गुरुवारी शेड भरली होती आणि मी नावं घेत असताना बबनराव आत आले. "मानूस गेला म्हणून आलोय," ते म्हणाले आणि खांबाला टेकून उभे राहिले.

युसुफ बोलला. "अण्णा नसते तर आज मी या गल्लीत नसतो. आणि बबनभाऊंनी मला घालवायला सांगितलं होतं, ते मी विसरलेलो नाही."

बबनराव पुढे आले. "अण्णांबद्दल मला बी बोलायचंय."

चार्ज आता माझ्याकडे होता. "भावजी, आधी युसुफ काय म्हणाला ते सांगा."

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मग म्हणाले, "अण्णा नसते तर ह्यो हितं नसता."

"बरोबर?" मी विचारलं.

"अर्धंच," युसुफ म्हणाला.

बबनरावांनी अंगणाकडे पाहिलं. आता हे निघून जाणार असं मला वाटलं. "आन्..." ते म्हणाले, "मी ह्याला घालवा म्हनलो व्हतो. ते ह्यो इसरला न्हाई."

"बरोबर," युसुफ म्हणाला.

"आता तुम्ही बोला, भावजी," मी म्हणाले. त्यांनी चपला काढल्या आणि युसुफच्या शेजारी सतरंजीवर बसले.